गलबतावरची मागची जागा

चि. थोरल्यास आईचे पोटभर आशीर्वाद.

तुझी पाठ आता कशी आहे? थोरल्या सूनबाईंच्या शिंका थांबल्या का? नातीचे पुढचे दात यायच्या आत तिचा एक हसरा फोटो पाठव, नंतर ती गंमत राहायची नाही. इकडे सगळे सुखरूप. धाकटा बोटीवर सुखरूप, त्याची बायको स्कूटरवर सुखरूप, आणि मी त्या स्कूटरच्या मागच्या सीटवर सुखरूप. हे वाचून तुझ्या कपाळावर आठी पडली असेल, ती मला इथून दिसते.

नेहमीसारखं मी सांगते आहे आणि धाकटी सून लिहिते आहे. मध्येच उठून ती शिवणकामाच्या पुतळ्यावरच्या कोटाला टाचण्या लावते, त्यामुळे तिचं तोंड टाचण्यांनी भरलेलं आहे. तेवढ्यात मी हवं ते सांगून घेते. (आत्ता तिने डोळे वटारले. हेही लिही म्हटलं.)

तुझा निरोप पोचला, की हवा बिघडायच्या आत एक तर स्कूटर विका, नाही तर आईला कायमची माझ्याकडे पाठवा. तुझं म्हणणं मला शंभर टक्के पटलं. मुळात ती स्कूटरच नव्हे. खालचा इस्त्रीवाला तिला गलबत म्हणतो. सीट एवढी रुंद की त्यावर माणूस दुपारचा आडवा होईल. घेताना धाकटीने रंग पाहिला, डिकी पाहिली, आपले पाय जमिनीला टेकतात का तेवढं पाहायचं राहिलं. त्यामुळे सिग्नल लागला की ती फुटपाथ शोधते, तिथे एक पाय टेकवते आणि जणू तिथेच कुणाला भेटायचं होतं असा चेहरा करते. फुटपाथ नसला तर शेजारच्या गाडीच्या टपावर हात ठेवते. गाडीवाले आधी रागावतात, मग मला पाहून नमस्कार करतात. गलबत स्टँडवर चढवायचं तर इस्त्री खाली ठेवून इस्त्रीवाल्याला यावं लागतं. त्यात एकदा दुकानात कुणाची तरी पँट जळली, पण ती आमच्या ओळखीची नव्हती.

आता तू म्हणशील, बसने का जात नाही? अरे, तिचं काम तुला ठाऊक नाही. गिऱ्हाइकाचं माप घेतलं की ती पुतळ्याला कापूस आणि पट्ट्या बांधून हुबेहूब त्या बाईचं अंग देते, मग त्यावर कपडा बेतते आणि पुतळ्यासकट तिच्या घरी नेऊन बसतो का ते पाहते. बसवाले त्याला चढू देत नाहीत. एका कंडक्टरने विचारलं, "यांचं डोकं कुठे आहे?" ही म्हणाली, "मापात नव्हतं." खाली उतरवलं दोघींना. तेव्हापासून पुतळा स्कूटरवर पुढे पायांशी उभा, मागे मी. मी कशाला, असं विचारू नकोस. पिशव्या कोण धरणार?

उन्हात ती सीट अशी तापते की मी ओला टॉवेल घेऊन जाते आणि उतरताना तो इस्त्री झालेला असतो. थंडीत धाकटीच्या पाठीला गाल लावून बसते, तिला वाटतं मला झोप लागली, म्हणून ती हळू चालवते आणि थंडी जास्त वेळ लागते. धुक्यात पुढचं दिसत नाही म्हणून मी मागून "डावीकडे, डावीकडे" ओरडते. (मलाही दिसत नाही, पण कुणीतरी बोललेलं बरं.) वादळी वाऱ्यात एकदा बेतायचे कागद उडाले आणि सगळा रस्ता आमच्यासाठी धावला. बँकेतल्या साहेबांनी एक बाही आणून दिली, ती अजून कुणाची ते कळलं नाही.

राहता राहिला पाऊस. मागच्या आठवड्यात आम्ही वकीलबाईंचा कोट घेऊन निघालो. पुतळ्यावर वकीलबाईंचं पोट होतं. खरं सांगायचं तर ते आणि माझं एकच माप. पेट्रोल पंपावर शिरलो आणि पाऊस कोसळायला लागला. धाकटी पावती घ्यायला आत गेली. पुढे पाणी उडत होतं, कोट भिजला असता, म्हणून मी पुतळ्याला माझ्या जागी बसवलं, दोरीने बांधलं, माझा रेनकोट घातला, मानेवर माझं हेल्मेट ठेवलं आणि हात पुसायला आडोशाला गेले. तेवढ्यात धाकटी धावत आली, आरशात रेनकोट पाहिला आणि निघाली की!

मोठ्या सिग्नलपर्यंत ती पुतळ्याशी बोलत गेली. उत्तर येईना. तिला वाटलं, सासू रुसली. समजूत घालायला मागे हात नेऊन गुडघा चाचपला, तर गुडघ्याच्या जागी लोखंडी दांडा! किंचाळलीच. शेजारचा ट्रकवाला म्हणाला, "काय झालं ताई?"

"माझी सासू पडली हो!"

"बसल्यात की मागे."

"ह्या नव्हेत! ह्या वकीलबाई!"

ट्रकवाल्याने मुकाट्याने काच वर केली.

परत आली तेव्हा मी हवा भरणाऱ्याच्या स्टुलावर बसले होते. मला पाहताच ती अशी तापली की काय सांगू. "तुम्हाला काही झालं असतं तर? आणि एवढा धीर करून मी बोलले, ते सगळं त्या कापसाला ऐकवलं!" मी म्हटलं, "काय ऐकवलंस?" तर पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून ओरडून म्हणाली, "स्कूटर विकते! पुतळा डोक्यावर घेऊन चालत हिंडेन, पण तुम्ही भावोजींकडे जाऊ नका! हे सहा महिने समुद्रावर असतात, तुम्हीही गेलात तर मी घरात कुणाशी बोलू?"

पेट्रोलची रांग थांबली होती. मला आपलं वाटत होतं की मी गेले तर हिची स्कूटर वाचेल. हिला वाटत होतं मला तुझ्या इमारतीतली लिफ्ट हवी आहे. दोघी तोंडाला कुलूप लावून बसलो होतो. मी म्हटलं, "आधी पेट्रोलचं झाकण लाव, उघडंच घेऊन हिंडते आहेस." (आता टाचण्या संपल्या आहेत, तरी ती मान खाली घालून लिहिते आहे.)

तेव्हा जिंकलास बाबा. मी इथेच राहते, गलबत जातंय. रविवारी बेकरीवाला बघायला येणार आहे, पावाच्या पाट्या न्यायला हवं आहे त्याला. तुझ्या मनाला स्वस्थता लाभो. प्रकृतीला जप.

तुझी आई

ता.क. नातीचा फोटो विसरू नकोस.

आणखी एक ता.क. अक्षर बदललं, घाबरू नकोस. हे इस्त्रीवाला लिहितो आहे. धाकटी गिऱ्हाइकाकडे गेली आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे ठेवलंय. पुतळा मी कोटासाठी मागे बसवला नव्हता. ती रोज गाडी चालवताना घसा खाकरायची आणि गप्प बसायची. शांत असली की तिच्या तोंडून शब्द निघत नाही, चिडली की एकही आत राहत नाही. म्हणून तिला चिडवली. हवा भरणाऱ्याला मीच म्हटलं होतं, ती निघाली की तू काही बोलू नकोस. पण ती स्कूटरच विकायला काढेल हे माझ्या हिशेबात नव्हतं. आता निस्तरायचं तुला आहे. रविवारच्या आत तिला फोन कर आणि सांग की खूप विचार केला, आई तिथेच राहू दे आणि स्कूटरही राहू दे. मन तुझं तूच बदललंस, असंच वाटलं पाहिजे. (इस्त्रीवाला म्हणतो, पाऊस असेल तेव्हा गाडीचा काटा चाळीसच्या पुढे जाऊ देणार नाही, हेही साहेबांना कळवा. कळवलं.)

आणि हा कागद फाडून टाक. मला वाचता येत नाही, पण तिला येतं.