म्हशीसाठी घातलेला शर्ट

मये, मंगळवार, तिन्हीसांज

डोकं फिरलंय नुसतं. आमची सुलू आणि तिच्या मैत्रिणी फोनवर मिळून गोष्टीतलं एक जग रचतात. राजे, डोंगर, काय काय. सुलूच्या वाट्याला रानटी टोळी आली. तिने लिहिलं, टोळीतला माणूस मेला की बायको त्याची घोंगडी पांघरून त्याच्या जनावराकडे जाते, नाहीतर ते जवळ येऊ देत नाही.

फोनवरची पोरगी हसली. "रानटी लोक इतके हळवे नसतात गं. कुणाला खरं वाटणार नाही."

"बरं, काढते," सुलू म्हणाली.

खरं वाटणार नाही? हे गेले तेव्हा म्हस मला लाथा मारायची. ह्यांचा शर्ट घातला तेव्हा कुठे पान्हा सोडला.

मी ओरडले, "काढू नको गो! तिला म्हण, ये आमच्या गोठ्यात."

"आई, ती बाई तू आहेस हे तिला कसं सांगू?"

पोरीला लाज वाटली, की रडू आलं? विचारलं नाही.

आत्ता धार काढून आले. शर्टाला ह्यांचा वास उरलेला नाही, माझ्याच घामाचा येतो. म्हशीलाही कळलं असणार. एकदा शर्टाशिवाय जाऊन बघावं म्हणते. धीर होत नाही.