माहेराएवढं अंतर

अंबरनाथ पूर्व,
१८ एप्रिल २०२५

ती. नूतनताईस,
सप्रेम जयभीम वि. वि.

तू फोन उचलत नाहीस, म्हणून कागदावर लिहून फोटो पाठवतोय. आई सिरीयस आहे. छातीत दुखायला लागलं म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, मुलीला बोलावून घ्या. ताबडतोब निघ.

तुझा भाऊ,
हेमंत

मेलबर्न,
१९ एप्रिल

चि. हेमंतास अनेक आशीर्वाद.

फोन उचलायचं धाडस झालं नाही. पत्र वाचून समजायचं ते समजले. अण्णा गेले तेव्हा किसनकाकांनी हेच कळवलं होतं, सिरीयस आहेत, ताबडतोब निघ. वाटेत त्रास नको म्हणून आपल्याकडे खरं कुणी सांगतच नाही. जवळजवळ दहा हजार किलोमीटर मी अण्णांशी काय बोलायचं ते ठरवत आले, आणि दाराबाहेर चपलांचा ढीग दिसला.

या वेळी जिवाची घाई करत नाही. माझ्यासाठी अंत्यविधी थांबवू नका. पुढच्या आठवड्यात पुण्यानुमोदनाला येते. आईची सुक्या बोंबलाची चटणी सारखी आठवतेय. तुला नेहमी जास्त वाढायची.

सावर स्वतःला, माझी माया आहेच.
तुझी ताई

अंबरनाथ पूर्व,
२० एप्रिल

ती. ताईस जयभीम.

अगं, आई आहे. सिरीयस म्हणजे खरोखरच सिरीयस, मला दुसरा शब्द सुचला नाही. तुझं पत्र वाचून दाखवलं तर म्हणाली, चटणी दोघांना सारखीच वाढायचे, खोटं बोलते ती.

मग विचारलं, किती लांब आहे रे ते गाव. किलोमीटर तिला उमगेनात. थेट विमान मिळालं तर बारा-तेरा तास, असं सांगितल्यावर हसली. बारवी नदीच्या पलीकडे माहेरी जायला तिला पायी अख्खा दिवस लागायचा, तोही तुला कडेवर घेऊन. म्हणाली, म्हणजे माझ्या माहेराएवढंच की, मग बसून यायला हिला काय होतंय.

ताई, आजच निघ. डॉक्टर खात्री देत नाहीत, आणि मला खोटा धीर द्यायचा नाही. यापुढे आपण एकमेकांपासून काही लपवायचं नाही.

वाट पाहणारा,
हेमंत

अंबरनाथ पूर्व,
१८ मे

ती. ताईस जयभीम.

तू लगेच आलीस, पंधरवडा आईच्या उशाशी बसलीस, त्यानेच ती उठली असं मला वाटतं. परत गेल्यापासून घर ओकंओकं झालंय.

बुद्धपौर्णिमेला तू दिलेली पांढरी साडी नेसून, सुनेचा, प्रतिभाचा हात धरून ती विहारात गेली. लेकीने विमानातून आणली म्हणत बायकांना पदर दाखवत होती. घरी आल्यावर मात्र मला म्हणाली, नूतनने ही माझ्यासाठी आणलीच नव्हती. बॅग उघडताच मला कळलं, माझ्या पुण्यानुमोदनात स्वतः नेसायला आणली होती. तिला सांगू नकोस, बिचारी शरमेल. पण आपलं ठरलंय, म्हणून सांगतो.

प्रतिभा साडी धुवायला घेत होती, तर आईने हातातून काढून घेतली. म्हणाली, अशीच ठेव. नूतनला नेसायची वेळ येईल तेव्हा माझ्या अंगाचा वास असू दे.

साडी न धुता ठेवली आहे. तू वरचेवर येत राहा, जीव असाच लावत राहा.

तुझा,
हेमंत