आधी आपल्या पायात

५ जानेवारी २००४
आज नोकरीचा पहिला दिवस. अंबरनाथ एमआयडीसीतली प्रयोगशाळा, उल्हासनगरच्या घरापासून दोन रिक्षा. नवा पांढरा कोट मिळाला, त्यावर माझं नाव: यशोधरा. काम ओळखीचंच आहे. ऑपरेशनच्या वेळी सशाला भुलीचा वायू देतात, तेव्हा मी त्याच्या पायात ॲक्युपंक्चरच्या सुया टोचायच्या. सुयांनी दुखणं कमी झालं तर वायू कमी लागेल, आणि कमी वायूत ससे कमी दगावतील. डॉ. गुरुदत्तांनी हे इतकं छान समजावलं की येताना रिक्षात मला एकटीलाच हसू येत होतं.

सुया मला पप्पांनी शिकवल्या. ते दर रविवारी विहाराच्या ओट्यावर फुकट टोचतात आणि मी तिसरीपासून शेजारी बसते. ज्याला काय होतंय ते सांगता येत नाही, तान्हं मूल, मुका माणूस, त्याच्यासाठी त्यांचा एक नियम आहे. आधी त्याच जागी स्वतःला सुई टोचायची, आणि त्याची निघेपर्यंत आपली काढायची नाही. सशालाही सांगता येत नाही. म्हणून सलवारीखाली, गुडघ्याखाली चार बोटांवर, माझीही एक सुई होती.

९ जानेवारी
आज वायू पाऊणपट. पोट कापलं तरी ससा हलला नाही. तक्त्यात ‘प्रतिसाद नाही’ लिहून सही केली. पिंजरे धुणाऱ्या, आमच्याच वस्तीतल्या बनूबाई म्हणाल्या, काय गं पोरी, तुझ्या बापानं आता सशांचा पण दवाखाना काढला का? सगळे हसले, मीही हसले. माझं पोट मात्र ओढल्यासारखं होत होतं. डबा उशिरा खाल्ला म्हणून असेल.

१४ जानेवारी
वायू अर्धा. मी फळीकडे तोंड करून सुया मोजत होते, तेवढ्यात माझ्या पोटावर डाव्या बाजूला एक गार रेघ उमटली. वळून पाहिलं. डॉक्टरांची सुरी डाव्या बाजूलाच होती. ससा निपचित. डोळे उघडे.
‘प्रतिसाद नाही.’ हलला नव्हता ना. मी खोटं लिहिलं का?

१६ जानेवारी
आज सहन झालं नाही. कापणं चालू असतानाच माझी सुई काढली. रेघ तिथेच थांबली. म्हणजे ती त्याचीच होती. सुयांनी त्याचं हलणं थांबतं, दुखणं नाही.
डॉक्टरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. सशाचे ठोके जरा वाढतात, तेवढं चालतं, म्हणाले. मग नऊ तक्ते पुढे ठेवले: मॅडम, सही तुमचीच आहे ना?
या सह्यांवरच सोमवारी वायू शून्य.

१७ जानेवारी
पप्पांना सगळं सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, आधी कुणाची काढलीस? माझी, म्हटलं. मग म्हणाले, त्याला एकट्याला सोडलंस तू.

१९ जानेवारी, सकाळी दहा
मी टोचणार नाही आणि माझे तक्ते चुकीचे आहेत, असं लिहून दिलं. डॉक्टरांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. आता समीर टोचणार. हा इथला टेक्निशियन. जागा त्याला मीच शिकवल्या होत्या.
मी चाऱ्याच्या खोलीत बसलेय. माझ्या पायात सुई नाही. दोन्ही पाय पाहिले. दोनदा.

दहा वीस
गुडघ्याखाली मुंग्या. चार बोटांवर. पण सुई नाही — हात फिरवून पाहिला, नाही —

पाय उचलत नाही. दुसराही. उठून जायला हवं, थांबवा म्हणायला —
तोंड उघडत नाही. फक्त हा हात.

बनूबाई दारात आल्या. मी त्यांच्याकडे पाहतेय, नुसती पाहतेय. त्या वळून कुणाला तरी म्हणाल्या, काही नाही हो, शांत बसलीय पोरगी. दार लावून घेतलं.

भिंतीपलीकडे समीर म्हणाला, हलत नाहीये सर —
गार. डावीकडून. मी जागी आहे, मी जा