चांगल्या दुधाचा संशय

४ नोव्हेंबर, मंगळवार

आमच्या तपासणी पथकात कुणीतरी फुटलंय. डेअरीच्या अमरसिंह साहेबांनी आज तोंडावर सांगितलं. दुधात पाणी आहे का ते बघायला आम्ही गावोगावच्या संकलन केंद्रांवर जातो, पण आमच्या आधी तिथं खबर पोचलेली असते. पथकात तिघंच – गाडीवर पिराजीकाका, यंत्रावर स्वप्नाली, नमुन्याच्या बाटल्यांवर मी. दिवसभर कुणीच कुणाकडं नीट बघितलं नाही.

६ नोव्हेंबर, गुरुवार

साहेबांनी एकेकाला आत बोलावलं. मला म्हणाले, "आदर्श, उद्या जोतिबाच्या पायथ्याचं केंद्र. आईलासुद्धा बोलायचं न्हाय."

बाहेर काका तंबाखू मळत बसलेले. "काय रं, तोंड का उतरलंय? पोरीनं नकार दिला काय?"

हसलो नुसता. काकांनीच मला इथं चिकटवलं. दहावी नापास पोराला कोण घेत होतं? त्यांच्यापासून पहिल्यांदाच काही लपवलं.

७ नोव्हेंबर

तिघांना तीन वेगळी गावं सांगितली होती! सांगलीच्या पथकानं आज सकाळी तिन्हीकडं छापे घातले. जिथलं दूध चांगलं निघेल, त्या गावाचं नाव ज्याला सांगितलं तो फुटलेला – असा साहेबांचा हिशोब.

माझ्या वाट्याच्या गावात पाणी सापडलं. सुटलो म्हणून बरं वाटलं. स्वप्नालीच्या गावातही सापडलं. काकांचं गाव नृसिंहवाडीकडचं. तिथं सगळे कॅन चांगले.

८ नोव्हेंबर

काकांना काढलं.

"साहेब, बायकोला बी बोललो न्हाय वो," एवढंच परत परत म्हणत होते. गाडीची किल्ली टेबलावर ठेवली. स्वप्नालीनं मला कोपरानं ढोसलं, "बोल की काहीतरी." मी बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत राहिलो.

मला वाटलं, काका खोटं बोलतायत.

१३ नोव्हेंबर

शिरोली एमआयडीसीच्या गेटाजवळ काका दिसले. टेम्पोवर काम मिळतंय का बघत होते.

"जेवलास काय?"

मान हलवली आणि गाडीत बसलो.

२० नोव्हेंबर

काका गेले तरी साहेबांचा संशय गेला नाही; परत एकेकाला आत घेतलं. गावाचं नाव इथंसुद्धा लिहीत नाही. मोबाईल बंद करून ठेवलाय.

२१ नोव्हेंबर

मला सांगितलेल्या गावात दूध चांगलं निघालं. एकाही कॅनमध्ये पाणी नाही.

मी कुणालाही बोललो नव्हतो. तिथली माणसं पाणी घालतच नसतील.

साहेबांनी माझा मोबाईल काढून घेतला. म्हणजे काकांच्या गावातही –