नांदेडहून लातूरला तीन भिंगं

लातूर,
पौष वद्य तृतीया, शके १८६७

चि. सौ. सौदामिनी हिस,

आजी लक्ष्मीबाईचे ओंजळभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल हायत, तुमची खुशाली कळवत जाणे.

तुझं संक्रांतीचं पत्र पोचलं. तुझा भाऊ हणमंत गंजबाजारात दुकानावर गेला होता, म्हणून मीच चुलीपुढं बसून अक्षर लावत लावत वाचलं. दाळ करपली. हणमंत घरी आला तर म्हणाला, आजी वाचायला लागली की आपल्याला उपास घडतो. मेला चिडवतो, पण जेवला पोटभर.

पोरी, मला लई आनंद झाला. जावईबापू अवधूतरावांनी तुला फोटोची पेटी चालवायला शिकवली हे माहीत होतं, पण नांदेडच्या बायका आता तुझंच नाव घेऊन तुमच्या फोटोच्या दुकानात येतात हे मला नवीन. शेजारच्या शांतम्माला मी दोनदा वाचून दाखवलं. ती मूळची उदगीरकडची, बोली कानडी, तिला निम्मं कळलं असेल, पण म्हणाली, त्या पेटीपुढं बसलं की अंगातलं रक्त ओढलं जातं. मी म्हणाले, तुझ्यात हाय किती?

तर आता माघात तू माहेरपणाला ये आणि पेटी घेऊन ये. तुला या घरात मी वाढवलं, तुझे आईबाप गेल्यावर तू इथंच नाचलीस, आणि तुझ्या हातची एक तसबीर या घरात नसावी? तू लिहिलंस तुमच्याकडं तीन भिंगं हायत. एक लांबडं पितळी, ते चेहऱ्याचं. एक रुंद, त्यात अख्खी पंगत मावते. आणि एक मधलं, रोजच्या कामाचं. मला तर या तिघी जावा वाटल्या. एक नाकात बोलणारी, एक सगळं घर सांभाळणारी, आणि मधलीला कुणी इचारत न्हाई. तू कोणतीला आणतेस ते कळव.

आता चार शब्द आप्पासाहेबांसाठी. व्याहीबुवा, तुमच्या घरी सुनेचं पत्र आधी तुम्ही वाचता, मग तिच्या हाती देता, हे मला ठाऊक हाय. म्हणून निराळं कार्ड खर्चत न्हाई, इथंच नमस्कार करते. पोरीला इजाजत द्यावी. तिला आणायला मुऱ्हाळी म्हणून हणमंताला पाठवते.

सौदामिनी, डोक्याला तेल लावत जा. माया पातळ होऊ देऊ नको, एवढंच मागणं.

तुझी
आजी

*

नांदेड,
२८ जानेवारी १९४६

ती. स्व. आजीस,

बालके सौदामिनीचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पावलं. मामंजींनी सोप्यात बसून सगळ्यांसमोर वाचलं. तिघी जावांपाशी सासूबाई पदरात तोंड घालून हसल्या. पुढे स्वतःचं नाव आलं तेव्हा मामंजी जरा थांबले, मग तेही वाचलं.

आजी, मागच्या पत्रात मी एक लिहिलं नव्हतं. दिवाळीनंतर मी फोटो काढलेले नाहीत. आम्ही दोघं इस्लापूरला गेलो होतो, तिथल्या एका घरच्या लेकीसुनांनी बोलावलं होतं म्हणून. परतताना सहस्रकुंडावर यांनी फोटोच्या पेटीची तिवई मांडली आणि मला म्हणाले, धबधबा तू घे. मी काळ्या फडक्यात डोकं घालून उभी होते. वाऱ्यानं फडकं उडालं, पदरही उडाला. तिथं नांदेडची चार माणसं होती. आम्ही घरी पोचायच्या आत बोलणं घरी पोचलं. माझ्या नणंदेचं, लताचं लग्न ठरायचं आहे. वहिनीमुळे तिला खोट लागू नये, असं मामंजींचं म्हणणं. ते त्यांच्या जागी बरोबर असेल. स्वयंपाकघरातून दुकानात उघडणारं दार तेव्हापासून बंद आहे, किल्ली त्यांच्याकडे असते. बायका येतात, चौकशी करतात आणि परत जातात. मला भिंतीपलीकडून आवाज येतात.

माहेरपणाचं विचारलं. बघू म्हणाले. ते बघू कसलं हे घरात सगळ्यांना कळतं.

तरी तू विचारलंस म्हणून सांगते, पोळ्या लाटताना मी रोज सामानाची पेटी भरते. मनातल्या मनात. मोटारीच्या टपावर एकच पेटी चढणार, पितळ जड, काचेच्या प्लेटा नाजूक. म्हणजे भिंग एकच. लांबडं घेतलं तर तुझ्या कपाळावरची एकेक रेघ येईल, पण त्याला मागे सरायला जागा लागते, आणि आपल्या अंगणात मागे सरलं की विहीर. रुंद घेतलं तर तू, ओटा, तुळस, शांतम्माचं कुंपण, सगळं एका काचेत; पण तू मात्र सुपारीएवढी. मग मी दोन्ही काढून मधलं ठेवते. दुसऱ्या दिवशी ते काढून पुन्हा लांबडं. अशी पेटी भरून भरून माझे हात भरून आले, आणि पेटी जागची हललेली नाही.

हे पत्रही मामंजी वाचूनच टपालात टाकतील. वाचू देत. यात खोटं काही नाही.

तब्येतीला जप. तुझ्या मायेवरच आहे.

तुझी
सौदामिनी

*

लातूर,
माघ शुद्ध पंचमी, शके १८६७

चि. सौ. सौदामिनीस,

आजीचे आशीर्वाद, आणि सोप्यात बसलेल्या समस्तांना रामराम.

तुझं पत्र वाचून मी त्या दिवशी शेवया वळायला घेतल्या होत्या त्या तशाच ठेवल्या. शेवया वाळून गुंता झाला. आता गुंताच शिजवून खाऊ.

आप्पासाहेब, हे तुम्हाला. मी शिकलेली न्हाई. भावाच्या पाटीवर चोरून चार अक्षरं गिरवली, त्यावर आजवर भागवून राहिले. तुमची फिकीर मला कळते. लता ही माझीही नातच. पण माझंही ऐका. मी काही अमरपट्टा बांधून आले न्हाई. रेणापूरला रेणुकेच्या देवळाच्या पायऱ्या मागल्या साली चढले, औंदा निम्म्यातून नमस्कार करून फिरले. छातीत धाप भरते. माझं एकही चित्र कुठं न्हाई. मी गेल्यावर ही लेकरं भिंतीला काय टांगणार, माझा चष्मा? एक फोटो व्हावा एवढीच एक इच्छा उरली हाय. तेवढ्यापायी जीव अडकून राहिला हाय बघा. तुमच्या घरात ती कला हाय, ते सामान हाय. म्हातारीचं एवढं करा. जन्मभर तुमचं नाव घेईन, आता जन्म राहिला तो केवढा, पण घेईन.

सौदामिनी, भिंगाचं मी ठरवलं. लांबडंच. रेघा येऊ देत. एकेक रेघ मी कमावली हाय. इहिरीची फिकीर नको, हणमंत तिच्यावर फळ्या टाकतो म्हणाला. नाहीतर शांतम्माचं कुंपण मोडू, तिला लई दिवसांपासून मोडायचंच हाय, माझ्या नावावर मोडेल.

धाप लागते म्हणून तू डोळ्यांत पाणी आणू नको. धाप हाय, पण भाकरीही दोन हायत.

असाच जीव लावून ठेव.

तुझी
आजी

*

नांदेड,
१५ फेब्रुवारी १९४६

ती. स्व. आजीस,

शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रानं काम केलं. कोणतं ते सांगते.

मामंजींनी वाचलं, आणि चष्म्याच्या ओळीवर उपरण्यानं डोळे पुसले. म्हणाले, म्हाताऱ्या माणसाची इच्छा राहिली तर पाप आपल्या दाराशी. लगेच यांना हाक मारली. दुकान बंद ठेवायचं, लातूरला जायचं, आजीबाईंचा उत्तम फोटो काढून आणायचा. एक भिंग कशाला, तिन्ही न्यायची. सोबत सामान धरायला माणूस द्यायचा. सासूबाईंनी तुझ्यासाठी लाडू वळायला घेतले.

माझं नाव निघालं नाही. मी दाराआड उभी होते. हे म्हणाले, सौदामिनी आली तर? मामंजी म्हणाले, आजीबाईंनी फोटो मागितला आहे, तो तुला येतो. आणि त्यांच्या आवाजात राग नव्हता, आजी. चांगलं करतोय असाच आवाज होता. 

तू फोटो मागितलास. फोटो मिळाला.

पेटी मीच भरली. यांना भरता येते, पण प्लेटा आडव्या रचतात आणि खडबडीत रस्त्यात फुटतात. मी उभ्या लावल्या, मध्ये सरकी काढलेला कापूस. लांबडं भिंग माझ्या जुन्या लुगड्याच्या घडीत बसवलं. रुंद धोतरात. मधलं पंचात. तिवईचा स्क्रू सुतळीनं तिवईलाच बांधला, नाहीतर तो हमखास घरी राहतो. काळं फडकं वर ठेवलं. एवढ्यासाठी मामंजींनी दुकानाचं दार उघडून दिलं होतं. भरून झाल्यावर लावून घेतलं.

मनात एक आलं होतं, लांबडं ठेवून द्यावं, गेलं विसरून म्हणावं, मग ते घेऊन मला जावं लागेल. हातात धरूनही उभी राहिले. पण त्यात तुझा चेहरा बिघडला असता. ठेवलं पेटीत.

हे येतील तेव्हा रुसू नकोस. फोटोला नीट बस. श्वास धरून ठेव म्हणाले की धर. त्यांचा हात माझ्यापेक्षा चांगला आहे.

इथूनच पाया पडते. लोभ आहेच, तो कमी करू नये.

तुझी
सौदामिनी

*

लातूर,
माघ वद्य नवमी, शके १८६७

रा. रा. आप्पासाहेब यांस,

लक्ष्मीबाईचा सप्रेम नमस्कार. वि. वि. हे पत्र सोप्यात मोठ्यानं वाचावं, सौदामिनी दाराआड असेल तिला ऐकू जावं.

चि. अवधूतराव सामानासह सुखरूप पोचले. एकही काच फुटली न्हाई. लाडू पोचले, लई मऊ झालेत, माझ्या दातांचा इचार करून वळलेले दिसतात. विहीणबाईंना सांगा, वेलदोडा जरा हात राखून.

जावई पहिल्यानं घरी मुक्कामाला आले म्हणून गल्ली गोळा झाली. अंगणात तिवई मांडली. हणमंतानं इहिरीवर फळ्या टाकल्या. मला पाटावर बसवलं, नवं लुगडं, मोठं कुंकू... चुकले, कुंकू कुठलं, जुनी सवय बोलते. अंगारा लावला. अवधूतराव फडक्यात शिरले, बाहेर आले आणि हणमंताकडं बघू लागले.

मी हनुवटीपर्यंत पदर ओढून बसले होते.

आप्पासाहेब, खरं सांगते, मी ठरवून केलं न्हाई. आमच्या घराण्यात सासूनं, आजेसासूनं जावयाला तोंड दाखवायचं नसतं. माझ्या आईनं दाखवलं न्हाई, मीही माझ्या जावयाला तो जाईपर्यंत दाखवलं न्हाई. पोरीच्या लग्नात अवधूतरावांनी माझा पदरच पाहिला. पण फोटो म्हटल्यावर मला पाटावर बसेपर्यंत हे सुचलंच न्हाई बघा! तुम्हालाही सुचलं न्हाई. समोरून ते आले आणि हात आपला आपण पदराकडं गेला. मग आत मला जे हसू आलं, ते पदरानंच झाकलं.

जावयाशी मी बोलतही न्हाई. त्यांनी हणमंताला सांगितलं, आजींना पदर वर घ्यायला सांग. मी हणमंताला सांगितलं, जमणार न्हाई म्हणून सांग. त्यांनी लांबडं भिंग लावून पाहिलं, मधलं लावून पाहिलं, रुंद लावून पाहिलं. भिंग बदलून पदर सरकत न्हाई. शांतम्मा म्हणाली, रक्त तरी वाचलं.

तुम्ही रिवाजाला धरून चालणारे, म्हणून तुम्हालाच इचारते. तुमच्या रिवाजापायी पोर दाराआड राहिली, मी दोष दिला न्हाई. आता माझ्या रिवाजाचं तुम्ही बघा. या घरात माझ्यापुढं पेटी धरायला पोटची बाई पाहिजे, आणि तशी एकच हाय.

लोकांच्या बोलण्याचं म्हणाल, तर सून भावासोबत माहेरी जाते, नवरा तिथं आधीच हाय, यात बोलायला जागा कुठं? उलट लताला बघायला येणारे म्हणतील, या घरात सुनेचं माहेरपण होतं, इथली लेक करावी. आणि जावई पहिल्यानं आले, त्यांना कामाबिगर रिकाम्या हातानं मी कशी लावून देऊ? फोटो झाल्याशिवाय ते निघत न्हाईत. हे मी न्हाई, ते स्वतःच हणमंताला म्हणाले, आणि मग दुपारभर निवांत झोपले.

हणमंत मुऱ्हाळी म्हणून निघाला. हे कागद त्याच्याच खिशात देते. तो तुमच्यासमोर उभा असेल, त्याला आधी पाणी द्या.

सौदामिनी, जड काही आणू नको. तिन्ही भिंगं इथं हायत.

लग्नसराईत तुमचं दुकान बंद पडून हाय याची मला फार तकलीफ वाटते. लवकर सोडवा. आमच्यावर कृपा असते तशीच असू द्या.

तुमची
विहीण लक्ष्मीबाई

*

नांदेड,
२ मार्च १९४६

ती. स्व. आजीस,

शि. सा. न. वि. वि. हणमंत उद्या दुपारच्या गाडीनं मला घेऊन निघतो. हे पत्र कदाचित आमच्या मागून पोचेल, तरी लिहिते, हात थांबत नाहीत.

मामंजींनी पत्र उभ्यानंच वाचायला घेतलं. जावयाला तोंड दाखवायचं नसतं, या ओळीनंतर पुढचं मनात वाचलं. मग खाली बसले. सासूबाईंनी तिथंच, मला घरात आल्यापासून पहिल्यांदा असं ऐकू आलं, त्यांना उलट विचारलं की माझ्या आईचं तोंड तुम्ही कधी पाहिलंत का. मामंजींनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, नाही पाहिलं. आणि हणमंतला विचारलं, गाडी किती वाजता असते.

आठ दिवसांची इजाजत आहे. परतल्यावर दार उघडं राहील की बंद, ते कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. किल्ली त्यांच्याच कनवटीला आहे.

पेटी भरली. दोन लुगडी, सासूबाईंचे आणखी लाडू, वेलदोडा कमी. उचलली तर इतकी हलकी लागली की तीनदा उघडून पाहिली.

माझ्याआधी कुणी मागितलं तरी प्लेटा खर्चू देऊ नकोस. हणमंत म्हणतो शांतम्माची भीती गेली; यांना कुणाकरवी सांग, तिला नाही म्हणायला शिका. लांबडं भिंग उन्हात ठेवलेलं असेल तर सावलीत घे.

लोभाचं उद्या समोरासमोर बोलू.

तुझी
सौदामिनी