ठिणगीचा दम

ता. ३ जून

चि. छोटीस अ. उ. आ.

तुझी लेक ठिणगी माझ्या बॉक्सिंग क्लबात मजेत आहे. फक्त दम नाही. दोन जिने चढली की धापा टाकते. डॉक्टरने दम्याचा पंप दिलाय, पण मला विचारशील तर सगळी नाटकं! काल रिंगमध्ये आडवी झाली. आमच्याकडे आडव्या झालेल्याला मुस्काटात देऊन उठवतात. दोन ठेवून दिल्या, उठली. मग दोरीचे फटके देत पाच मजले पळवली. तू जन्माची रडूबाई, ठिणगी तरी खमकी निघू दे.

तुझा दादा

ता. १९ जून

ती. दादास शि. सा. न.

पोरीला तुझ्या क्लबातून घेऊन आले म्हणून तू फोनवर तोंडाला येईल ते बोललास. आता ऐक. दमा नाहीच. दंडाला पट्टा बांधून मोजलेलं बी.पी. चांगलं, म्हणून सगळे फसले. दाब वाढलाय तो फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत. हृदयाच्या सोनोग्राफीत संशय आला, मानेच्या शिरेतून नळी घालून आतला दाब मोजला तेव्हा खात्री पटली. अरुंद वाहिन्यांत रक्त ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू फुगलीये. म्हणून ती पडायची. पुन्हा पळवली तर जीव जाईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. मांड्यांवरचे वळ बघून त्यांनी विचारलं, कोण मारतं. ठिणगी म्हणाली, सरावात लागलं. अरे मेल्या, तुला पाठीशी घातलं तिने!

छोटी

ता. २२ जून

चि. छोटीस आशीर्वाद.

त्या मशिनींचं मला काही सांगू नकोस. गेल्याच महिन्यात तिने एकीचा जबडा फोडलाय. आजारी पोरी असं करतात होय? रविवारी येतो. मामा रागावलेला नाही म्हणून सांग.

दादा

ता. २६ जून

दादा,

नमस्कार आज राहू दे.

रविवारी तुला बघून ती हॉस्पिटलच्या खाटेवर ताठ बसली, तू शाब्बास म्हणालास आणि गेलास. तुझी पाठ वळली तशी तिने नाकातली ऑक्सिजनची नळी उपटली आणि जिन्याकडे पळाली. जिना चढून वरच्या मजल्याच्या खिडकीतून खाली जाणाऱ्या मामाला दिसायचं होतं तिला. पाचव्या पायरीवर कोसळली. ओठ फाटला, दात पडले. छाती दाबून दाबून परत आणली, त्यात बरगड्या मोडल्या. मी तिथेच उभी होते रे! अजून आहे ती, औषधं चालू आहेत. शुद्धीवर आल्यावर आधी हेच विचारलं, की मामाने पाहिलं का.

मी हो म्हटलं. पुन्हा दारात दिसलास तर तंगड्या मोडीन. लोभ करायचा तो आता लांबूनच कर.

छोटी