मेस्सिनाच्या धक्क्यावरचा लाल बावटा

मेस्सिना, १२ मार्च १९८४

प्रिय प्लाचिदा,

तुझं पत्र मिळून आठ दिवस झाले. ईस्टरला छोट्याला घेऊन येतेस हे शेजारच्या तिंदाराला सांगितलं, तर तिनं लगेच बदाम सोलायला घेतले. मी मात्र रोज कागद पुढ्यात घेतो आणि उठतो.

धक्क्यावर अजून जातो, पण सामुद्रधुनीपलीकडे जाणारी आगगाडी जहाजात चढवण्याचं काम सोडलं. आता रुळांच्या सांध्यांना वंगण घालतो. सव्वीस वर्षं त्या लोखंडी पुलावर उभा होतो. एका बाजूला धक्का, दुसऱ्या बाजूला जहाजाचं उघडं तोंड, आणि मागून इंजीन तीन-तीन डबे ढकलत आणायचं, आत माणसं बसलेली. माझा हिरवा बावटा हलल्याशिवाय चाक पुढे सरकत नसे. लहानपणी डबा पुलावर आला की तू दोन्ही पाय सीटवर घ्यायचीस, खाली पाणी आहे म्हणून.

नोव्हेंबरातल्या त्या दुपारी तुझी आई चौथ्या डब्यात होती. बोलोन्याच्या इस्पितळात तू किती खटपटीनं खाट मिळवली होतीस. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला दाखल करायचं होतं आणि विमानाला डॉक्टरांनी साफ नकार दिला होता. तिंदारा सोबत होती. डबे जहाजात गेले की मीही चढणार होतो. माझा जोडीदार कुर्रो म्हणाला, "आज मी बघतो सगळं. तू वहिनींजवळ बस." मी ऐकलं नाही. माझ्या नुंत्सियाचा डबा मी दुसऱ्या कुणाच्या हाती देणार नाही, असं त्याला ऐटीत सांगितलं.

दक्षिणेचा शिरोक्को वारा सुटला होता. पहिले तीन डबे गेले आणि लाटा वाढल्या. जहाज वीतभर वर, वीतभर खाली होऊ लागलं, पूल कुरकुरायला लागला. बारा वर्षांपूर्वी अशाच पाण्यात एक डबा रुळावरून घसरला होता, तेव्हा एका बाईचा पाय मी स्वतः लोखंडाखालून मोकळा केला होता. मी लाल बावटा धरला. जहाजावरच्या अधिकाऱ्यानं वरून विचारलं, थांबलात का; कुर्रोनं कानाशी येऊन सांगितलं, की हळूहळू ढकललं तर जाईल. मी लाल बावटा खाली घेतला नाही. बावटा तसाच धरून मी डब्यापाशी गेलो, तर आईनं खिडकीची काच खाली केली होती. तिचे ओठ निळसर दिसत होते.

"लेत्तेरिओ, निघायचं ना?"

"दहा मिनिटांत," मी म्हणालो.

पुन्हा एकदा तिनं विचारलं, पुन्हा मी तेच म्हणालो आणि पुलाच्या टोकाला परत गेलो. तिसऱ्यांदा तिनं विचारलं नाही. मला वाटलं, झोप लागली असेल. लाटांकडे पाठ करायची माझी हिंमत होत नव्हती. तासाभरानं तिंदारा रुळांवरून अनवाणी धावत आली, तेव्हाही मी पाण्याकडेच बघत होतो. त्यानंतर वीस मिनिटांत वारा पडला आणि उरलेले डबे अलगद आत गेले.

गाडी तासभर आधी सुटली असती तर आई बोलोन्याला जिवंत पोचली असती का, हे मला कोणी सांगू शकत नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय फार थकलं होतं. त्या डब्यांत आणखी दीडशे माणसं होती. रात्रंदिवस हा हिशेब मी करतो आणि तो एकदाही जुळत नाही.

तुला फोनवर मी सांगितलं होतं की बंदर वरच्या हुकमानं बंद केलं, आणि शेवटी तिचा हात माझ्या हातात होता. तू तुझ्या पत्रात लिहिलंस, "बाबा, आई तुमचा हात धरून गेली, एवढ्या एका गोष्टीवर मला झोप लागते." पोरी, बंदर कोणी बंद केलं नव्हतं. गाडी मी थांबवली. आणि आईजवळ मी नव्हतोच. तिच्यापासून चाळीस पावलांवर पाठमोरा उभा होतो. ती मला हाका मारत होती, असं तिंदारा सांगते. वाऱ्यात मला ऐकू आलं नाही. तू माझ्या घरी येऊन माझा हात धरशील, त्याच्याआधी हे तुला कळायला हवं, म्हणून लिहिलं. आता यायचं की नाही ते तू ठरव. तुला भीड पडू नये म्हणून मी धक्क्यावर येऊन उभा राहणार नाही.

तुझाच,
बाबा